या वयात नाच? हो, या वयातच!

फिजिओथेरपिस्ट व्यायामाचा कागद देतात. तो फ्रिजवर चिकटतो. पंधरा दिवस नेमाने व्यायाम होतो, मग पाहुणे येतात, सणवार येतात आणि कागद तिथेच राहतो. आपलं बायकांचं ठरलेलंच, आधी घरच्यांचं, वेळ उरला तर आपलं! म्हणूनच मला वाटतं, व्यायामाला नाचाची जोड हवी आणि ती आपणच मागून घ्यायला हवी.

हे काही माझ्या मनचं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले. पार्किन्सन्स म्हणजे नुसती हाताची थरथर नव्हे. पावलं आखूड पडतात, उंबऱ्याशी आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मेंदूत डोपामिन कमी पडल्याने आपोआप होणाऱ्या हालचाली अडखळतात. अशा वेळी बाहेरून टाळीचा, गाण्याचा ठेका मिळाला की पुष्कळांचं पाऊल सुटतं. शिवाय नाचताना वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं, वळायचं, पुढची पावलं ध्यानात ठेवायची. तोल सांभाळायला याहून गोड व्यायाम कोणता? अर्थात यानं आजार जात नाही आणि गोळ्याही सोडायच्या नाहीत बरं का!

आता सांगा, आपल्या झिम्म्यात तरी वेगळं काय असतं? टाळी, ठेका, समोरचीकडे लक्ष. मात्र गुडघे दुखणारीने बसफुगडीच्या वाटेला जाऊ नये. तोल जात असेल तर भक्कम खुर्चीत बसूनच हातपाय हलवावेत, जवळ कुणीतरी असावं. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की सरळ विचारा, "मला झिम्मा आवडतो, त्यातलं मी काय काय करू?" पायऱ्या, टाळ्या, वळणं यातलं काय झेपेल, ते तपासून सांगतील.

खरी अडचण येते ती घरातच. सासूबाईंनी ताल धरला की "आता या वयात?" म्हणून हसणारे आपलेच असतात. मुलाच्या लग्नाच्या वरातीत नाचलेलं चालतं, स्वतःच्या पायांसाठी नाचलेलं नाही! मैत्रिणींनो, भजनी मंडळ तर गावोगावी भरतं. टाळ, पेटी, मैत्रिणी, सगळं तिथे आयतं आहे. शेवटची पंधरा मिनिटं उभं राहून, खुर्च्यांच्या पाठी धरून ठेक्यावर पावलं टाकायला काय हरकत आहे?