परत या, परत द्या

गेल्या काही दिवसांत मला तिघी-चौघींनी एकच प्रश्न विचारला. एकीचा भाचा कॅनडात, एकीचा दीर ऑस्ट्रेलियात, एकीचा तर सख्खा मुलगाच. सगळ्यांची अडचण सारखी : "तिकडची सून सुट्टीला येणार आहे. तिचं करायचं काय?" जणू काही सून नव्हे, परीक्षाच येणार आहे! म्हटलं, यंदाच्या हिवाळ्यात आमच्या शेजारी जे घडलं तेच सांगावं. मी त्या घरात महिनाभर दुभाषी होते. आमच्या कुंभार पिंपळगावात इंग्रजी शिकवणारी, त्यातून भिंतीला भिंत लागून राहणारी, म्हणजे मीच की! शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, पण ही पूर्णवेळ झाली.

शेजारच्या मावशींचा धाकटा मुलगा इंजिनिअर. पुण्यात शिकला, जर्मनीत नोकरीला लागला आणि तिकडेच एका जर्मन मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. लग्न मावशींनी मोबाइलवर पाहिलं. वर्षाने, डिसेंबरात, दोघं पहिल्यांदा घरी आली. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, पहाटे जालना, तिथून जीप. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे जीप अडकली, म्हणून उशीर. इकडे निम्मी गल्ली ओवाळणीचं ताट बघत दारात उभी.

पहिली चूक आमचीच झाली. "ती बर्फाच्या देशातली, तिला कसली थंडी!" असं म्हणून तिच्या खोलीत एक पातळ चादर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी दोन मोजे, स्वेटर आणि नवऱ्याचं जाकीट घालून बसलेली. तिकडे थंडी घराबाहेर असते. घरात तापवण्याची सोय, त्यामुळे आत साध्या कपड्यांत वावरायचं. आपल्याकडे उलट. दुपारी अंगणात ऊन, पण रात्री फरशी बर्फासारखी, आणि घर तापवायला काही नाही. तेव्हा पाहुणी कितीही गार देशातली असो, जाड गोधडी, पायाखाली सतरंजी आणि अंघोळीला भरपूर कढत पाणी हे आधी बघा.

दुसरी गोष्ट सरकारी आहे आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. परदेशी नागरिक व्हिसावर येऊन घरी उतरला, तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ठरलेला फॉर्म भरून द्यावी लागते. हॉटेलवाल्यांना ते माहीत असतं, पण घरच्यांनाही ते लागू आहे. "माझ्या सुनेची खबर पोलिसांना काहून द्यायची?" मावशी भडकल्या. माझ्या यजमानांनी तो संगणकावर भरून दिला तेव्हा कुठे शांत झाल्या. आणखी एक लक्षात ठेवा. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं संसार झाला की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मग दर खेपेला व्हिसाची यातायात उरत नाही. आमच्या पाहुणीचं एकच वर्ष झालेलं.

खाण्याची काळजी वाटली तेवढी नव्हती. पाणी उकळून गार केलेलं, कापलेली फळं बाहेरची नाहीत, आणि तिखट वेगळं वाढायचं, एवढं पाळलं. ज्वारीची भाकरी आणि वरण तिला फार आवडलं. मोसंबी तर घरचीच. ठेच्याला तिने बोट लावून पाहिलं आणि हात जोडले. खरी अडचण होती ती माणसांची. सकाळी सातपासून बायकापोरांची रांग. "केस खरे आहेत का?" "पगार किती?" "पाळणा कधी?" हे सगळं मी इंग्रजीत सांगायचं! पगाराचा प्रश्न मी गिळला. पाळण्याच्या जागी "प्रवास कसा झाला?" असं विचारलं. तिने पाच वेळा सांगितलं, प्रवास चांगला झाला. दुपारी ती तासभर दार लावून बसायची. गल्लीत लगेच बोललं गेलं, शिष्ट आहे. अहो, आपण नव्या नवरीला न्हाणीघरात तरी रडायला मोकळं सोडतो! या मुलीला तेवढाही आडोसा नको का? मी मावशींना म्हटलं, तो एक तास तिचा असू द्या. त्यांनी दारात बसून राखणच केली म्हणा ना.

चोवीस डिसेंबरची रात्र मात्र मला विसरता येत नाही. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, साडेदहा वाजले असतील. शेजारच्या गच्चीवर ती शाल गुंडाळून फोनवर बोलत होती. आपली रात्र साडेदहा म्हणजे तिकडची संध्याकाळ सहा. पडद्यावर दिवे लावलेलं झाड दिसत होतं आणि त्याच्याजवळ तिची आई एकटीच बसलेली. जर्मनीत नाताळचा खरा सण पंचवीसला नव्हे, चोवीसच्या संध्याकाळी असतो. घरची माणसं एकत्र जमतात, जेवतात, भेटी देतात. म्हणजे भाऊबीज-पाडवा सोडून पोरगी सासरी आलेली, आणि आमच्या इथे त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी झाली होती, नऊला दिवे गेले होते!

सकाळी मी मावशींना सांगितलं. त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच न्हाई." मुलाला वाटलं असेल, आईला कशाला त्रास. या मुलांना आईचा त्रास तेवढा दिसतो. मावशींच्या स्वतःच्या पहिल्या दिवाळीला त्यांना माहेरी धाडलं नव्हतं, ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. एका तपाचा शेजार, पण हे कधी निघालं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी पुरणाचा घाट घातला. उशीरच झाला होता, पण झाला.

तेव्हा सासवांनो आणि नणंदांनो, तिकीट काढण्याआधीच मुलाला विचारा, तुझ्या बायकोचा सण कोणता आणि तो या सुट्टीत येतो का?

मला या मुलीकडे बघताना राहून राहून सावित्रीबाई खानोलकरांची आठवण यायची. दर 26 जानेवारीला मी वर्गात त्यांची गोष्ट सांगते. मूळ नाव ईव्ह, जन्म 1913 चा, स्वित्झर्लंडमधला. विक्रम खानोलकर हा मराठी तरुण इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता. 1929 मध्ये सुट्टीत तो फ्रान्समधल्या शामोनी या बर्फाच्या गावी गेला आणि तिथे दोघांची भेट झाली. ती अवघी सोळा वर्षांची. वडील तयार नव्हते. पण मुलगी हिंदुस्थानात आलीच, आणि 1932 मध्ये लग्न झालं. त्या मराठी, संस्कृत, हिंदी शिकल्या आणि महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 26 जानेवारी 1950 पासून सुरू झालेल्या परमवीर चक्राची आकृती त्यांचीच, दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेल्या वज्राची. पहिलं पदक मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. 1952 मध्ये पती गेले, तरी त्या इथेच राहिल्या. 1990 मध्ये वारल्या. मुलं म्हणतात, "बाई, किती छान!" मीही तेच म्हणत आले. पण यंदा मनात आलं, शामोनीच्या त्या सुट्टीनंतर स्वित्झर्लंडमधल्या त्या घरात काय झालं असेल? ते मी कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

असो. मग वेरूळला गेलो. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. हे बघून निघा, नाहीतर गेटवरून परत.) तिकिटाच्या खिडकीवर भारतीयांना चाळीस रुपये आणि परदेशी पाहुण्यांना सहाशे. मावशींनी तिथेच भांडण मांडलं : "सासूला चाळीस अन् सुनेला सहाशे? एकाच घरातल्या की आम्ही!" खिडकीतला माणूस हसला, पण सहाशे घेतलेच. जवळच्या जांब समर्थला, रामदासस्वामींच्या जन्मगावी, मात्र कुणी तिकीट मागितलं नाही. तिथे ती पायरीवर खूप वेळ बसली होती. आणि घरच्या कामात तिला घेतल्यावर तर ती खुलली. पाहुणी म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं की माणूस कोमेजतं. लसूण सोलायला द्या, लाडू वळायला द्या.

आता माझी चूक सांगते. जानेवारीत शेतावर हुरडा होता. आगटीत गोवऱ्या पेटवलेल्या, गुळभेंडीची कणसं भाजून हातावर चोळून देत होते, सोबत तिळाची चटणी, गूळ, दही. सगळे खुशीत. मावशी एकदम मला म्हणाल्या, "तिला सांग, तू गुणाची हायेस. पण माझं लेकरू मला परत दे." मुलगा विहिरीकडे गेला होता. मी क्षणभर थांबले आणि इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, तू फार चांगली आहेस, परत परत येत जा." ती हसली. मावशीही हसल्या. मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. वही होती हातात. ती वर्षभर मराठी शिकत होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "परत या, आणि परत द्या. दोन्ही परतचा अर्थ एकच आहे का?" मी दळणाचा डबा उघडझाप करत राहिले. मग खरं ते सांगितलं. ती रागावली नाही, पण म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी गोड केलंत. पण मग मी त्यांना उत्तर कसं देणार?"

दुसऱ्या दिवशी तिने दुभाषी नेलाच नाही. भिंतीपलीकडून मला तिचं मोडकं मराठी ऐकू येत होतं. त्याची नोकरी तिकडे आहे, आम्ही किती वर्षं राहू माहीत नाही, खोटं सांगणार नाही. आणि मग, "माझी आई पण एकटी." मावशी काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने सुपाचा आवाज आला. दोघी बाजरी निवडत होत्या. भोगीच्या भाकरीची.

यातून निकाल काही लागला नाही. मावशींना मुलगा परत हवा आहे, आणि तो यायची चिन्हं नाहीत. पण त्या दिवसापासून त्या सुनेशी सरळ तिलाच बोलायला लागल्या. तिला कळेपर्यंत तेच वाक्य तीनदा, दर वेळी मोठ्याने!

संक्रांतीला काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं हौसेने झालं. निघायच्या आदल्या रात्री बांधाबांध सुरू झाली. मावशींनी किलोभर घरचं साजूक तूप बरणीत भरून ठेवलेलं. मुलगा म्हणाला, नेता येणार नाही, दुधाचे पदार्थ तिकडे विमानतळावर काढून घेतात. (हे खरं आहे. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे जिन्नस नेऊ देत नाहीत. तेव्हा पेढे, खव्याचे पदार्थ बांधून देऊ नका.) मावशींचा चेहरा उतरला. मग त्यांना आठवण झाली, ती येताना तिच्या आईने पत्र्याच्या डब्यात नाताळची बिस्किटं पाठवली होती. अंडं असेल म्हणून मावशींनी चाखलीही नव्हती, गल्लीतल्या पोरांनी दोन दिवसांत फस्त केली होती. डबा तेवढा फडताळात होता.

"रिकामा डबा कसा धाडायचा विहीणबाईंना?" म्हणत रात्री अकराला त्यांनी गूळ चढवला. तूप न घालता तिळाचे लाडू. ते नेता येतात. पाक हाताला चटके देत होता, सून फुंकर घालत वळत होती, आणि त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली ती दाण्याचं कूट मागायला. दुभाषी म्हणून नव्हे.