बेसूर होण्याची सोय नसलेले वाद्य

जुलै २००८मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात निन्टेंडो कंपनीने आपल्या सभेचा शेवट एका वाद्यवृंदाने केला. वाद्यवृंद म्हणायचे ते उपचारापुरते, कारण वाजवणाऱ्यांच्या हातात वाद्ये नव्हती. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि त्यांचे सहकारी हातातले पांढरे रिमोट हवेत हलवत होते, रवी ड्रम्स या नावाने ओळखला जाणारा व्यावसायिक वादक नसलेल्या ड्रमवर प्रहार करत होता आणि सभागृहात संगीत ऐकू येत होते. या दृश्याची इतकी टिंगल झाली की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘वी म्युझिक’ बाजारात आला तेव्हा त्याचा निकाल जवळपास लागलेला होता. बहुतेक समीक्षकांचा मुख्य आक्षेप एकच : यात चुकता येत नाही, हरता येत नाही, मग हा खेळ कसला? हे तर खेळणे झाले. मियामोतोंनी ते नाकारले नाही. खेळणे आहे म्हणूनच ते व्हिडिओ गेमपेक्षा अधिक रंजक आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते.

मला ते उत्तर पटते, पण पुरेसे वाटत नाही. ‘वी म्युझिक’वर अन्याय झाला, असे माझे मत आहे, आणि हे मत तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

पाचवीत असताना स्नेहसंमेलनातल्या समूहगीतासाठी आम्हा मुलांना ओळीत उभे केले होते. संगीताच्या बाई प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेत पुढे सरकत होत्या. माझ्यापाशी त्या थांबल्या, पुन्हा एकदा गायला लावले आणि अगदी मायेने म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव हं.” मी ओठ हलवले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी हेच करत आलो : गणपतीच्या आरतीत, राष्ट्रगीतात, मित्रांच्या सहलीत बसच्या मागच्या बाकावर. बाईंवर माझा राग नाही; त्यांना गाणे बसवायचे होते आणि दिवस थोडे होते. पण संगीत ही ज्यांना येते त्यांची मालमत्ता आहे आणि उरलेल्यांनी ते ऐकावे, ही समजूत तेव्हा जी बसली ती बसलीच.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळतो. यात साठाहून अधिक वाद्ये आहेत, पण ती वाजवण्याच्या तऱ्हा मोजून चार. दोन्ही हातांनी आपटणे (पियानो आणि ड्रम दोन्ही यातच), एका हाताने मान धरून दुसऱ्याने छेडणे, गज फिरवल्यासारखा हात चालवणे आणि रिमोट तोंडापाशी धरून बटणे दाबणे. गाणी पन्नासेक : ‘ट्विंकल ट्विंकल’, बीथोव्हनचे ‘ओड टू जॉय’, जपानी ‘साकुरा साकुरा’, शिवाय कंपनीच्या स्वतःच्या खेळांतल्या धुना. एका गाण्याचे सहा भाग : मुख्य धून, साथीची धून, कॉर्ड, बास आणि दोन तालवाद्ये. चार माणसे एकत्र वाजवू शकतात. रिकाम्या जागी ट्यूट नावाची बाहुलीवजा पात्रे बसतात. तुम्ही रिमोट हलवलात की त्या क्षणी गाण्यात जो स्वर शोभेल तो यंत्र काढते. धुनेच्या जागी हलवलात तर धून, अधेमध्ये हलवलात तर तिच्याशी जुळणारा दुसरा एखादा स्वर. कोणता स्वर, हे तुमच्या हातात नाही. केव्हा, किती वेळा आणि कधी गप्प बसायचे, हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

‘यात चुकता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा भाग पाहिलाच नाही, असे मला वाटते. आमच्या घरी पहिल्या संध्याकाळी चौघेही सतत हात हलवत होतो आणि जे ऐकू आले त्यात एकही स्वर चुकीचा नसूनही ते असह्य होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कोणीतरी दोन ओळी थांबले आणि एकदम खोलीत हवा आली. यंत्राने शाबासकी दिली नाही, गुणफलक हलला नाही. आम्हीच एकमेकांकडे पाहिले.

ज्याचे स्वर आधीच ठरलेले आहेत असे वाद्य वाजवणे म्हणजे वाजवणेच नव्हे, असे मानायचे तर गवयामागे बसलेल्या तानपुरेवाल्याचे काय करायचे? तारा लावून झाल्यावर त्याला स्वर निवडायचा नसतो. चार तारा त्याच क्रमाने छेडत राहायच्या असतात. तरीही चांगला तानपुरा आणि वाईट तानपुरा यांतला फरक गाणाऱ्याला पहिल्या आवर्तनातच कळतो. भजनात टाळ धरणाऱ्याची गोष्ट याहून साधी. त्याला गळा आहे की नाही हे कोणी विचारत नाही, हातात टाळ दिला जातो आणि तो मेळ्यात येतो. मियामोतो स्वतः गिटार आणि बँजो वाजवणारे गृहस्थ. वाद्य हातात घेण्याआधीची जी वर्षे माणसाला घाबरवतात ती वगळून थेट मेळ्यात आणून बसवायचे, हा त्यांचा बेत मला टाळ देणाऱ्यांच्या कुळातला वाटतो.

याउलट त्या काळी गाजत होते ‘गिटार हिरो’ (२००५) आणि ‘रॉक बँड’ (२००७). हे दोन्ही उत्तम खेळ आहेत, हे मान्य. पण त्यांत तुम्ही करता काय? पडद्यावरून रंगीत खुणा सरकत येतात, त्या नेमक्या वेळी पकडायच्या. चुकलात तर तार खरखरते, काटा लाल भागात जातो, प्रेक्षक हुर्यो उडवतात आणि गाणे अर्ध्यावर बंद पडते. कौशल्य लागते, यात शंका नाही. पण ते हुकूम पाळण्याचे कौशल्य आहे. गाणे रेकॉर्डवर आहे तसेच यायला हवे. तुम्ही त्यात एक स्वर अधिक घातला तर तो अपराध. पाचवीतल्या बाई तिथे प्लॅस्टिकच्या गिटारमध्ये बसलेल्या असतात. आणि समीक्षकांनी खेळ म्हटले ते याला.

असो. ‘वी म्युझिक’मध्येही परीक्षा मुळीच नाही असे नाही, बाजूला तीन छोटे खेळ आहेत आणि त्यांत गुण मिळतात. त्यांपैकी ‘पिच परफेक्ट’ म्हणजे कानाचीच परीक्षा : सारखे स्वर ओळखा, जोड्या लावा. मी तो बरेच दिवस टाळला. एका रात्री घरचे झोपल्यावर आवाज बारीक करून खेळलो आणि एकेक पायरी चढत गेलो. माझा कान ठीक होता. बिघडलेला होता तो गळा, किंवा कदाचित तोही बिघडलेला नव्हता, फक्त वापरलेला नव्हता. ही माहिती तीस वर्षे उशिरा आणि एका खेळण्याकडून मिळावी, याचे हसू आले. थोडा वेळ दुसरेही काही वाटले.

हे सगळे लिहूनही खेळाचे दोष झाकायची माझी इच्छा नाही. त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे आली होती. वाद्यांच्या यादीत सतार दिसताच तिने ती मागितली. रिमोट छेडला, दोन-चार स्वर ऐकले आणि विचारले, “अरे, हिला मींड कुठे आहे?” मींड नव्हती. सतारीला आणि गिटारला एकच हात. फरक फक्त नादाचा. तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जाण्यात जी सतार असते, तिला या यंत्रात जागाच नाही. आईने सतार परत केली आणि खुळखुळे घेतले.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. स्वर यंत्राकडे गेले याचे मला दुःख नाही. लय यंत्राकडे गेली याचे आहे. गाणे सुरू झाले की ते ठरल्या गतीने पुढे जाते, तुम्ही त्यात शिरायचे. चार माणसे एकत्र वाजवू लागली की लय थोडी चढते, कोणी मागे राहिले की थोडी अडखळते, एकमेकांसाठी थांबते. भजन रंगते ते त्या चढण्यातच. इथे आम्ही एकमेकांना ऐकू शकत होतो, एकमेकांसाठी थांबू मात्र शकत नव्हतो. मित्रांनी मिळून संगीत करावे अशी ज्याची प्रतिज्ञा, त्याने नेमकी हीच गोष्ट स्वतःकडे ठेवावी, हे मला आजही कळत नाही. आणि हेही खरे, की दोन वर्षे वाजवून माझ्या बोटांना काहीही आलेले नाही. जे आले ते कानाला आणि थोडेफार धिटाईला. आता आरतीत मी गातो. शेजारचे सहन करतात.

वाजवून झाले की खेळ त्याचे चित्रण जतन करू देतो. त्यासाठी रेकॉर्डच्या वेष्टनासारखे मुखपृष्ठ बनवायचे असते आणि स्वतःच्या वादनाला शंभरपैकी गुण द्यायचे असतात. यंत्र काही बोलत नाही. पडद्यावरच्या बाहुल्या आपण आपल्या चेहऱ्याच्या बनवलेल्या असतात. निन्टेंडोने त्यांना ‘मी’ असे नाव दिले आहे. हा श्लेष मराठी माणसाला फुकट मिळालेला. आमच्या ‘साकुरा साकुरा’नंतर चार ‘मी’ पडद्यावर ओळीने उभे होते आणि गुणांची जागा रिकामी होती.

“गुण कोण देणार?” आईने विचारले.

“आपणच.”

तिने बराच विचार केला. “मग पस्तीस दे. पासापुरते. पुढच्या वेळी बघू.”

ते चित्रण मी दुसऱ्या शहरातल्या एका मित्राला पाठवले, त्याने त्यात आपली बासरी भरून परत पाठवले. ही देवाणघेवाण ज्या सेवेतून होत असे ती २०१३ साली बंद झाली. यंत्र अजून माझ्याकडे आहे, चालते. ‘साकुरा’ तिथेच आहे, दोन्ही रूपांत. मित्राने आपल्या प्रतीला ऐंशी गुण दिले होते. आईच्या प्रतीवर अजून पस्तीसच आहेत.