आगीशी झुंज कोणी द्यायची?

२०२३ च्या जुलै महिन्यात हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यालगत 'फ्रीमँटल हायवे' हे मोटारवाहू जहाज रात्रीच्या वेळी पेटले. जर्मनीहून निघालेल्या त्या जहाजावर ३,७०० हून अधिक मोटारी होत्या. त्यांपैकी सुमारे ५०० विजेवर चालणाऱ्या. आग अशी झपाट्याने पसरली की, कित्येक खलाशांनी उंच कठड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. एक खलाशी प्राणास मुकला. तो भारतीय होता आणि त्याचे बहुतेक सोबतीही भारतीयच होते. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरचा मुलगा जहाजावर आहे, त्यांना ही वार्ता दूरदेशीची कशी वाटेल?

अशी दुर्घटना काही एकच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस' पेटले आणि सुमारे ४,००० मोटारींसह १ मार्चला बुडाले. २०२५ च्या जूनमध्ये अलास्काच्या समुद्रात 'मॉर्निंग मिडास'ची तीच गत झाली. या दोन्ही जहाजांवरील माणसे सुदैवाने बचावली. परंतु दैवावर हवाला ठेवून जहाजे चालवायची काय?

विजेची मोटार म्हणजे चालता बाँब, असा ओरडा करणाऱ्यांच्या पंगतीस आम्ही बसणार नाही. ती पेट्रोलच्या मोटारीहून अधिक वेळा पेटते असे सिद्ध झालेले नाही. 'फ्रीमँटल हायवे'च्या खालच्या मजल्यांवर ज्या मोटारी शाबूत सापडल्या, त्यांत विजेच्या मोटारीही पुष्कळ होत्या. २०२३ सालीच अमेरिकेतील नेवार्क बंदरात ज्या जहाजाच्या आगीने दोन अग्निशामक जवानांचा बळी घेतला, त्यावर तर जुन्या, इंधनाच्या गाड्या होत्या.

खरा प्रश्न आग लागते किती वेळा हा नसून, लागल्यावर ती विझवायची कशी हा आहे. लिथियम बॅटरीतील एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. आणि ही उष्णता रासायनिक क्रियेतून आतल्या आतच निर्माण होत राहते. जहाजावरची पारंपरिक व्यवस्था म्हणजे बंद मजल्यात कार्बन डायऑक्साइड सोडून आगीचा श्वास कोंडणे. भोवतालच्या ज्वाळा त्याने दबतात, पण बॅटरी थंड होत नाही. विझलेली आग काही तासांनी पुन्हा उठते. शिवाय तापलेल्या बॅटरीतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे ज्वलनशील आणि विषारी वायू सुटतात. ते बुटक्या, बंदिस्त मजल्यात साचले आणि ठिणगी मिळाली, की स्फोट ठरलेलाच. थंड करायला पाणी मुबलक हवे. पण वरच्या मजल्यांवर पाणी साचले तर जहाजाचा तोल जातो. १९४२ साली न्यूयॉर्कच्या बंदरात 'नॉर्मंडी' हे अवाढव्य जहाज आग विझवण्याच्या पाण्यानेच कलंडले होते. त्यात मोटारी इतक्या खेटून उभ्या केलेल्या असतात की, मधून धड माणूस जाऊ शकत नाही. अशा ठिकाणी मूठभर खलाशांनी झुंज द्यावी, ही अपेक्षाच मुळी निर्दय आहे!

उपाय अज्ञात नाहीत. बॅटरी अर्धवटच भरून गाडी चढवावी. अपघातग्रस्त वा सदोष गाडी जहाजावर घेऊच नये. धुरापूर्वी उष्णता आणि वायू ओळखणारी यंत्रे मजल्यामजल्यावर बसवावीत. साचलेले पाणी निघून जाण्याची सोय असलेले जलफवारे द्यावेत. आणि खलाशांना याच आगीचे शिक्षण द्यावे. २०२६ च्या प्रारंभापासून लिथियम-आयन बॅटरीच्या वाहनांना धोकादायक मालाच्या यादीत ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक सक्तीचा झाला, हे योग्यच झाले. परंतु क्रमांकाने आग विझत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नव्या जहाजांसाठी नियम करावेतच. पण आज समुद्रावर असलेल्या जुन्या जहाजांचे काय, याचे उत्तरही द्यावे.

जगाला खलाशी पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. म्हणून त्या संघटनेत भारत सरकारने हा विषय आग्रहाने मांडावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. मोटारींचा विमा उतरवलेला असतो, जहाजाचाही असतो. बुडाले तर भरपाई मिळते. खलाशाच्या घरी मात्र भरपाईने कोणी परत येत नाही. मालाची किंमत काढणाऱ्यांनी आधी ही किंमत मोजावी!