चाकाची धाव

‘टायर’ हा शब्द रबरी टायरहून जुना. मूळ ‘अटायर’, म्हणजे पोशाख. लाकडी चाकावर चढवलेलं लोखंड. 1888 मध्ये डनलॉपने हवेच्या रबरी टायरचं पेटंट घेतलं, पण नाव तेच. (कोडवाल्यांनो, व्हेरिएबल जुनंच, व्हॅल्यू नवी!) पोर्तुगीज मात्र हवेवर गेले: ‘प्नेऊ’, मूळ ग्रीक ‘न्यूमा’, श्वास. चिनी ‘लुनताई’ची अक्षरं वाचली तर चाकाचा गर्भ!

आपल्याकडेही शब्द होता, धाव. ती लालबुंद तापवून लाकडी चाकावर बसवायची, लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक घट्ट आवळलं जायचं. रबर आल्यावर आपण ‘टायर’ घेतला आणि धाव बैलगाडीपाशीच राहिली. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत तिला ‘हाल’ म्हणतात. तुमच्या आजोबांना कोणता शब्द आठवतो? विचारून कळवा.