आरोग्यविचार : संकष्टीचा उपवास आणि मधुमेह

संकष्टीची संध्याकाळ. गिरगांवांतील चाळीच्या गॅलरींत चंद्रोदयाची वाट पाहणारे आजोबा एकाएकीं घामाघूम होतात, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. घरचीं माणसें म्हणतात, ‘उपवासाची ग्लानि, पडून राहूं द्या.’ हीच घातक चूक!

1922 सालीं टोरोंटो येथें प्रथम रुग्णास टोंचलेलें इन्सुलीन रक्तांतील साखर उतरवितें. पोटांत अन्न नसल्यास ती प्रमाणाबाहेर उतरते. डेसिलिटरमागें 70 मिलिग्रॅमहून कमी साखर धोक्याची. रुग्ण शुद्धीवर असल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी, 15 मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासावें, मग थोडें जेवूं घालावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींही न घालतां कुशीवर निजवावें व परळच्या के. ई. एम. सारख्या मोठ्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें.

याउलट, ताप-उलट्यांत ‘कांहीं खाल्लें नाहीं’ म्हणून इन्सुलीन आपल्या मनानें बंद करणेंही तितकेंच घातक. श्वास खोल व जलद होऊन त्यास पिकल्या फळासारखा वास येऊं लागला, तर रक्तांत आम्लें सांचलीं असें समजावें. तेव्हांही रुग्णालयच गांठावें.

इन्सुलीन घेणारानें डॉक्टरांस विचारल्यावांचून उपवास धरूं नये. आणि देवापुढील साखरेची वाटी ऐनवेळीं आजोबांच्या मुखीं गेली, तर व्रत मोडल्याचा दोष कोणीं मानूं नये.