निकालापूर्वीचा निकाल

वसई-विरारची महापौर मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. डिसेंबरातल्या त्या सकाळी दाराबाहेर उभे राहून अनोळखी धावपटूंना टाळ्या देणे, ही आता इथल्या घरोघरची रीत आहे. परंतु अलीकडे त्या टाळ्यांत एक कुजबुज मिसळू लागली आहे. कोणी अनपेक्षितपणे पुढे आला की, ‘काही तरी घेतले असणार!’

ही शंका अगदीच निराधार आहे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ साली भारताने तपासलेल्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० सदोष निघाले. लाजिरवाणीच गोष्ट! पण उरलेल्या सहा हजार आठशेहून अधिक नमुन्यांचे काय?

नाशिकच्या संजीवनी जाधव यांनी एप्रिल २०१९ मध्ये दोहा येथे आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि ती २९ जून २०१८ पासून लागू धरण्यात आल्यामुळे पदकही गेले. नमुन्यात सापडले होते प्रोबेनेसिड. हे औषध एरवी संधिवाताच्या एका प्रकारावर देतात. खेळात मात्र ते इतर द्रव्ये लपविते म्हणून निषिद्ध आहे. त्या निर्णयाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते विलंबाशी. दोष जडला तो एका वर्षी आणि निवाडा झाला दुसऱ्या वर्षी, तोवर शर्यत होऊन पदकेही वाटली गेली. चौथ्या आलेल्या धावपटूस मागाहून पदक देता येईल, पण व्यासपीठावरची ती घटका कोण देणार?

खेळाचा कायदा फौजदारी न्यायालयाहून कठोर आहे. शरीरात जे सापडले त्यास खेळाडूच जबाबदार, मग हेतू असो वा नसो. एवढा कठोर कायदा मान्य करावयाचा, तर त्यातली जी थोडी संरक्षणे आहेत ती तरी पाळली पाहिजेत. नमुना दोन बाटल्यांत भरतात. पहिली सदोष ठरली तरी दुसरी तपासून घेण्याचा हक्क खेळाडूस असतो. ऑस्ट्रेलियाचा आठशे मीटरचा धावपटू पीटर बोल याचे नाव जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या बाटलीवरूनच जगभर झाले. दुसऱ्या बाटलीने त्या निष्कर्षास दुजोरा दिला नाही, आणि ऑगस्टमध्ये प्रकरण मिटविण्यात आले. मधले सात महिने त्यास कोणी भरून दिले?

आम्ही शिक्षक असताना एका मुलाची उत्तरपत्रिका नकलेच्या संशयावरून काढून घेण्यात आली. चौकशीत काही निघाले नाही. तरी मॅट्रिक होईपर्यंत वर्ग त्याला ‘कॉपीवाला’च म्हणत राहिला. वर्तमानपत्रेही याहून निराळे काय करतात? आरोप पहिल्या पानावर मोठ्या टायपात छापतात आणि सुटकेची बातमी आतल्या पानावर, जाहिरातींच्या बगलेत. हा दोष आमचाही आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

मॅरेथॉनच्या संयोजकांस आमची सूचना साधी आहे. ज्यांचे नमुने घेतले जातील त्यांच्या बक्षिसाची रक्कम अहवाल येईपर्यंत राखून ठेवावी; दुसरी बाटली तपासली जाईपर्यंत कोणाचे नाव बाहेर जाऊ देऊ नये; आणि अहवाल किती दिवसांत मिळणार, हे प्रवेशपत्रिकेवरच छापावे. आमच्यापुरते सांगावयाचे तर, निर्दोष ठरलेल्याची बातमी यापुढे आम्ही याच पानावर देऊ.