तोट्यावरचा प्राप्तिकर

शेतकरी प्राप्तीवर दमडी कर देत नाही, देशाचा सारा भार पगारदारांच्या खांद्यावर, अशी ओरड शहाण्यासुरत्या मंडळींत हल्ली फार चालते. निफाड-येवल्याकडील आमचे भोळे बांधव ती ऐकून मान खाली घालतात, जणू त्यांनी कुणाचे चोरून खाल्ले! बांधवहो, मान वर करा आणि हिशेब पाहा.

इंग्रज सरकारने १८६० साली प्राप्तिकर बसविला, तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात धरले होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. ही मेहेरबानी नव्हे. शेतसारा वसूल होतच होता. असो.

प्राप्तिकराची रीत अशी की, मिळकतीतून धंद्याचा खर्च वजा घालावा आणि नफा उरला तर त्यावर कर द्यावा. तोटा आला तर कर नाही. त्यातही आज नव्या पद्धतीत पगारदारास बारा लाखांपर्यंत कर पडत नाही. दोन-तीन एकरांच्या धन्याची एवढी प्राप्ती कुणी दाखवावी, आम्ही त्याची मिरवणूक काढू!

आता आमच्या घरचा कर पाहा. रासायनिक खतावर शेकडा ५, फवारणीच्या औषधावर शेकडा १८. हजाराचे औषध घरात येते ते ११८० रुपयांना. दुकानदार आपल्या खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वळता करून घेतो. कांदा विकणाऱ्यास ती सोय नाही. ते १८० त्याच्या अंगावरच बसतात. गावच्या लोहाराचेही तेच. कारखानदार लोखंडावरचा कर वजा घालतो आणि नोंदणी नसलेला लोहार तो पदरचा भरतो. पीक गारपिटीत गेले म्हणून हे १८० कुणी परत देते काय?

आणि कांद्याची गोष्ट तर लासलगावचे पोरही सांगेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० कर बसला, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० चा कर राहिला. सप्टेंबरात तो २० वर आला आणि १ एप्रिल २०२५ रोजी गेला. कागदोपत्री हा कर निर्यातदार भरतो. पण तो काय खुळा आहे? लिलावात बोली लावतानाच तो रक्कम कापून धरतो. समजा, क्विंटलमागे खर्च पंधराशे आणि हाती आले अकराशे. तरी कर गेलाच! शहरातली भाजी स्वस्त राहावी म्हणून नाशिकच्या कुणब्याने तोट्यावर कर भरावा, आणि वर त्यालाच फुकट्या म्हणावे!

खरे फुकटे निराळे आहेत. ज्यांच्या पायाला ढेकूळ लागले नाही असे कित्येक धनिक कागदावर शेतकरी होऊन दुसरीकडचा पैसा शेतीचा म्हणून दाखवितात. पुरेसे कागद न तपासता अशी सूट दिल्याची प्रकरणे महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात आहेत. सरकारने त्यांची वही उघडावी, आमची हरकत नाही.

आमचीही वही आपण लिहू. खताची, औषधाची, डिझेलची पावती मागून घ्या. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून कराचा आकडा निराळ्या रकान्यात मांडून घ्या, आणि घरच्या कारभारणीला तो वाचून दाखवा. मत मागावयास कुणी दारी आला की तीच वही त्याच्यापुढे ठेवून विचारा : तोट्याच्या साली भरलेला हा कर आम्हांस कोणत्या कचेरीत परत मिळेल?